निकमकाकांचा पाचवा भाग

निकमकाकांनी एकच कोरियन मालिका अकरा वेळा पाहिली आहे, आणि तरी पाचव्या भागात काय होतं ते त्यांना माहीत नाही. मालिका सोळा भागांची. काका पहिले चार बघतात, चौथा संपला की टीव्ही बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. हे खूळ त्यांच्या डोक्यात मीच घातलं, तेव्हा दोष द्यायचा तर मला द्या.

आम्ही लखनौला वृंदावन योजना नावाच्या वसाहतीत राहतो. मी इथल्या एका संशोधन संस्थेत पिकांच्या रोगांवर काम करते. काका मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि स्वतःचा गुडघा दाखवतात. मला पानांवरच्या बुरशीपलीकडे काही कळत नाही हे सांगून मी थकले. “मग गुडघ्यालाही बुरशीच आलीय,” म्हणतात. काका मूळचे साताऱ्याचे. रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर होते. नोकरीची शेवटची बरीच वर्षं इथल्या चारबाग स्टेशनला काढली आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. काकूंना जाऊन पाच वर्षं झाली. आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं, भिंतीला भिंत लागून. त्यामुळे मराठीत भांडायचं म्हटलं तर आम्हाला एकमेकांशिवाय कोणी नाही.

काकांचं आयुष्य एका वाक्यावर चालतं. “संशय आला की लाल.” सिग्नलवाल्यांचा म्हणे हा पहिला धडा. खात्री असेल तरच हिरवा, जरा शंका आली की लाल, मग गाडीत कोणी का बसलेलं असेना. नोकरीत हे ठीकच होतं. पण निवृत्त झाल्यावर काकांच्या हाती गाड्या उरल्या नाहीत आणि हा नियम त्यांनी आम्हा सगळ्यांना लावला. सब्जीवाला भैया म्हणाला, “गोभी एकदम ताज़ी है, बाबूजी.” काकांनी विचारलं, “पक्का?” भैया क्षणभर थांबला. थांबला म्हणजे संशय. झालं, त्या हिवाळ्यात काकांच्या घरी फ्लॉवर शिजला नाही. एकदा ई-रिक्षावाल्याला त्यांनी पुढचा रस्ता उघडा आहे का म्हणून विचारलं. तो म्हणाला, “शायद.” काका तिथेच उतरले आणि दुखऱ्या गुडघ्यानं चालत घरी आले. “शायद म्हणणाऱ्याच्या हातात हँडल देऊ नये,” हे वर आम्हाला ऐकवलं.

सिग्नलबद्दल ते एक गोष्ट नेहमी सांगायचे, आणि मी ती एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचे. तार तुटली, वीज गेली, काहीही बिघडलं तरी सिग्नल आपोआप लाल होतो. त्याला लाल करायला माणूस लागत नाही. परत हिरवा करायला मात्र कोणाला तरी हत्यारं घेऊन जागेवर जावं लागतं, घरी बसून तो होत नाही.

गेल्या थंडीत काका न्हाणीघरात घसरले आणि गुडघ्याला प्लास्टर बसलं. दिवसभर खुर्चीत. ते खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला लाल दाखवायला लागले तेव्हा गल्लीनं माझ्याकडे तक्रार केली. मग मी त्यांच्या टीव्हीवर माझी आवडती कोरियन मालिका लावून दिली, हिंदी आवाजातली. जुन्या काळचा राजवाडा, बर्फ, तलवारी, आणि माणसाच्या रूपात फिरणारी नऊ शेपट्यांची कोल्हीण. मला वाटलं, काका दहा मिनिटांत हाकलून देतील. काका पुढे सरकून बसले. “हा राजा बोलतोय आपल्या चौकातल्या मिठाईवाल्यासारखा,” म्हणाले, “पण माणूस बरा दिसतो.”

कोरियन नावं काही त्यांच्या तोंडात बसेनात. मग त्यांनी आपली नावं ठेवली. राजा म्हणजे मोठे साहेब. दाढीवाला राजज्योतिषी म्हणजे व्हिजिलन्सवाला. कोल्हीण म्हणजे पाहुणी. आणि राजवाड्याच्या द्वारपालाला एक आठ वर्षांची मुलगी असते, खोडकर, बापाच्या खांद्यावर बसून पहारा देणारी, तिला काका ‘ठकी’ म्हणायचे. मला वाटलं, लहान पोरीला आपल्याकडे म्हणतात तसंच म्हणत असतील. द्वारपालाला मात्र त्यांनी नाव ठेवलं नाही. त्याच्यावर नुसती नजर ठेवली. तो पोरीला खाऊ द्यायला जागेवरून हलला की काका म्हणायचे, “ड्युटीवरचा माणूस जागा सोडतो? चार्जशीट द्या त्याला.”

चौथ्या भागात ज्योतिषी पत्रिका बघून सांगतो की ही मुलगी राजवाड्यावर संकट आणील. खात्री नाही, पण शंका आहे. राजाचा हुकूम सुटतो, मुलीला तटाबाहेर काढा. आणि वेशीचं दार बापच लावतो. पोरगी बाहेर बर्फात उभी. मी तो भाग तीनदा पाहिलेला, तरी माझे डोळे वाहायला लागले. काका शांतपणे म्हणाले, “त्यानं बरोबर केलं. संशय आला की लाल.”

मी ताडकन उठले. दोन दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही. कारण काकांना एक मुलगी आहे, आणि ते मला ठाऊक होतं.

तिचं नाव सुजाता. ती याच शहरात, गोमती नगरला राहते. आमच्याकडून गाडीनं अर्धा-पाऊण तास. नऊ वर्षांपूर्वी तिनं इथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. काकांनी चौकशी केली, तर मुलानं तीन वर्षांत दोन नोकऱ्या सोडलेल्या. बाकी काही खोट नव्हती. पण संशय आला. तिनं नोंदणी करून लग्न केलं आणि काकांनी तिचं नाव टाकलं. हे मला काकूंनी सांगितलं होतं. काकू दर मंगळवारी ‘हनुमानाच्या देवळात’ जायच्या आणि तीन तासांनी परत यायच्या. एवढं मोठं दर्शन कुठल्याच देवळात नसतं.

काकू गेल्या त्या दिवशी सुजाता आली होती. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, “त्यांना पाणी द्या.” पोटच्या पोरीला, आई गेलेल्या दिवशी, ‘त्यांना’. मी पाणी नेऊन दिलं. तिनं ते प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि गेली. काकांचा इतका राग मला कधी आला नव्हता. तो पुरता अजूनही गेलेला नाही, सांगून ठेवते.

तर दोन दिवसांनी मी रुसवा सोडून गेले, तेव्हा टीव्हीवर पुन्हा पहिला भाग चालू होता. “अहो काका, हा झाला बघून. पाचवा लावा ना.” काकांनी रिमोट मांडीखाली सरकवला. चौथ्या भागाच्या शेवटी पडद्यावर अक्षरं येतात, ‘बारह साल बाद’, आणि पाचव्यापासून ठकीच्या जागी मोठी नटी येते. ते काकांना नको होतं. “बारा वर्षं म्हणजे काय अशी एका पाटीत उरकायची गोष्ट आहे?” म्हणाले. “आणि ती मोठी झाली की मग बघण्यात काय राम आहे?”

प्लास्टर निघालं तरी चार भागांचा फेरा सुटला नाही. चौथा भाग संपत आला की काका रिमोट दोन्ही हातांत धरून, अंगठा बटणावर ठेवून बसायचे. पुढचा भाग आपोआप सुरू व्हायच्या आत पडदा काळा झाला पाहिजे. एकदाही चुकले नाहीत. गल्लीत सगळे हसायचे. “अंकल का पाँचवाँ कब आएगा?” मीही हसायचे. पण मी रोज संध्याकाळी तिथे चहाला असायचे, त्यामुळे एक गोष्ट फक्त मलाच दिसत होती. द्वारपालाबद्दलचं काकांचं मत हळूहळू फिरत होतं. तिसऱ्या फेरीला ते म्हणाले, “हुकूम होता, बिचारा करणार काय.” आठव्या फेरीला पुटपुटले, “निदान आधी तिच्या अंगावर काही घालायचं तरी.”

अकराव्या फेरीला दार लागलं आणि काका म्हणाले, “दार लावलं ते लावलं. पण कडी कशाला घातली?”

मी पडद्याकडे पाहिलं. त्या दाराला कडी नव्हतीच. आडवा लाकडी ओंडका होता, आणि तोही अजून लावलेला नव्हता.

मग काका बोलले. टीव्हीकडे बघतच. नोंदणी झाली त्या दुपारी दोघं मिठाईचा डबा घेऊन आली होती. काकूंनी चहाचं आधण ठेवलेलं. काकांनी दार लावलं आणि आतून कडी घातली. “तिनं बेल दोनदा वाजवली. दोनदाच. लोकांची बेल दोनदाच्या वर वाजवायची नाही, हे मीच तिला शिकवलेलं. तिसऱ्यांदा वाजवली असती तर मी उघडलं असतं, डॉक्टरीणबाई. मी दाराशीच उभा होतो.”

मी म्हटलं, “काकू मंगळवारी कुठं जायच्या ठाऊक आहे?”

“न कळायला काय झालं? परत आल्यावर हिला आधी चपला काढता याव्यात, रडलेलं तोंड धुता यावं, म्हणून तर मी मंगळवारी फिरायला जायचो.”

असा हा माणूस. हसावं की कानाखाली वाजवावी. मी रागानंच विचारलं, “काका, सिग्नल बिघडून लाल झाला तर हिरवा कसा होतो?”

“जागेवर जावं लागतं.”

“आणि कोणी गेलंच नाही तर?”

“गाडी उभी राहते.”

“किती वेळ?”

रविवारी सकाळी काका माझ्या दारात हजर. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, गुडघ्याला पट्टा. “गाडी काढता का?” एवढंच म्हणाले. सोबत काही घेतलं नव्हतं. काय न्यावं ते रात्रभर सुचलं नाही, असं शहीद पथावर पोचल्यावर सांगितलं.

काकूंनी मला पत्ता सांगून ठेवलेला. सुजाताची इमारत अकरा मजली. फाटकावर गार्ड होता, तरुण, नम्र, पण नियमाचा पक्का. “किससे मिलना है? नाम? आईडी?” काकांनी निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचं ओळखपत्र काढून दिलं. गार्डनं ते उलटसुलट करून पाहिलं. फ्लॅटवाल्यांनी हो म्हटल्याशिवाय सोडता येत नाही म्हणाला. मी वाद घालायला पुढे झाले, तर काकांनी मलाच अडवलं. “त्याचं बरोबर आहे. संशय आला की लाल.”

गार्डनं इंटरकॉम उचलला. “क्या बोलूँ, कौन आया है?”

काका ‘निकम’ म्हणाले नाहीत, ‘पापा’ म्हणाले नाहीत. म्हणाले, “बोलिए, ठकी के बाबा आए हैं.”

मी फाटकाचा गज धरला. टीव्हीवरच्या पोरीला इतके दिवस ज्या नावानं हाक मारत होते, ते सुजाताचं होतं.

“किसके बाबा?” गार्डनं पुन्हा विचारून घेतलं आणि बटण दाबलं. “दो ही बार बजाना, भैया,” काका म्हणाले. पलीकडून कोणीतरी उचललं. गार्डनं निरोप सांगितला. मग नुसता कानाला लावून उभा राहिला. “मैडम कुछ बोल नहीं रहीं.” आणखी थोडा वेळ गेला. “बोल रही हैं, अभी नहीं.”

काकांनी मान हलवली. गार्डनं प्लास्टिकची खुर्ची दिली, तिच्यावर ते ताठ बसले. चला म्हटलं तर म्हणाले, “लाल आहे. लालला थांबायचं असतं.” तासभर थांबलो. मुलं सायकली घेऊन आतबाहेर करत होती. काका एकेकाचा चेहरा बघत होते, आणि ते का बघतात हे समजून मला वर मान करवेना. सुजाताला मूल आहे की नाही, हेदेखील आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं.

परतीच्या वाटेला लागलो. मग काकांनी विचारलं, “तुम्ही ती मालिका पूर्ण पाहिलीय ना?”

“पाहिलीय.”

“पाचव्या भागात ती येते का परत?”

“येते.”

“मग तो दार उघडतो का?”

मला ते दृश्य पाठ आहे. ठकी बारा वर्षांनी वेशीपाशी येते आणि बापाचं नाव घेते. दारावर दुसराच कोणी माणूस असतो. तो तिला सांगतो की तो द्वारपाल केव्हाच गेला. कित्येक वर्षं रोज संध्याकाळी दार लावायच्या आधी तो बाहेर जाऊन रस्ता बघून यायचा, एवढंच तिला कळतं.

“उघडतो,” मी म्हटलं.

काकांनी खिडकीची काच थोडी खाली केली आणि बाहेर बघत राहिले. घराशी आल्यावर हळूहळू उतरले, गुडघा चोळला, फाटक उघडलं आणि वळून म्हणाले, “पुढच्या रविवारी जरा लवकर निघू.”