कोठीतल्या आसाची बखर

श्रीगजवदनास नमन, श्रीशारदेस नमन, गडदेवतेस दंडवत. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, ते साली स्वामींच्या राज्यात डोंगरी गडावर जे वर्तमान घडले ते वडील माणसांचे तोंडून जैसे ऐकिले तैसे लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही.

गडावर सुभानजी नाईक म्हणोन अडगळीच्या कोठीचा नाईक होता. मोडकी कुलपे, दरवाजांच्या बिजागऱ्या, पालखीचे दांडे, कढयांचे कान, तोफांच्या गाड्यांची चाके, जे जे मोडले अथवा जुने झाले ते त्याचे हवाली होत असे. तरुणपणी एकदा गनीम पायथ्याशी आला असता महादरवाजाचा अडसर मोडला, तेव्हा सुभानजीने भंगारातून जुना अडसर हुडकून घटकाभरात बसविला आणि गड राहिला. थोरले स्वामी संतोषी होऊन शेला देऊन बोलिले की, "नाईक, ऐसेच जतन करीत जाणे." ते वाक्य सुभानजीने मनात धरिले आणि त्या दिवसापासोन तीस वर्षांत एक खिळा देखील टाकिला नाही. एका कोठीच्या तीन कोठ्या जाहल्या, त्याही भरल्या, मग जिन्नस त्याचे घरात आले, माजघरात फुटक्या समया आणि ओटीवर नाडे, सोल ऐशा जाड दोरांची वेटोळी, ऐसे जाहले. त्याची बायको साळूबाई शहाणी, फार बोलणारी नव्हे. ती वर्षातून एकदा दिवाळीचे सारवण करिताना म्हणे, "अहो, यातले काही कामाचे, काही बिनकामाचे, ते वेगळे तरी करा." सुभानजी म्हणे, "करितो. पुढले पौर्णिमेस बसतो." गडाचा सुतार हैबती त्याचा बाळपणीचा सोबती, तोही हेच सांगे आणि त्यासही हेच उत्तर मिळे. पौर्णिमा येत आणि जात.

मग चैत्र वद्य पंचमीस सकाळी खालच्या टाक्यावरील रहाट बंद पडला. ज्या लोखंडी आसावर चाक फिरते तो आस मधोमध तुटला. बालेकिल्ल्यास पाणी त्याच रहाटाने चढत असे. किल्लेदार राणोजीरावांनी सुभानजीस सदरेवर बोलाविले आणि पुसिले, "नाईक, दुसरा आस आहे काय? नसेल तर खाली पेठेस स्वार पाठवितो. घडवून आणावयास सहा दिवस लागतील." सुभानजीची छाती फुगली. तो बोलिला, "आहे, साहेब. थोरल्या स्वामींनी जोडीने करविले होते. दुसरा माझे कोठीत आहे. दोन प्रहरांत आणितो." किल्लेदारांची खातरजमा जाहली आणि स्वार पाठविणे राहिले.

मग कोठीवर मोहीम चालली. हैबती आणि वीस असामी बरोबर घेऊन सुभानजी पहिल्या कोठीत शिरला. चाकांचा ढीग फोडिला तो मागे पत्र्यांचा निघाला, पत्रे हटविले तो मागे मोडके पलंग निघाले, पलंग ओढिले तो वरील सर्व कोसळले आणि धुळीने माणसास माणूस दिसेना. सायंकाळी किल्लेदारांनी पुसविले, "स्वार पाठवू?" सुभानजीने सांगोन पाठविले की, उद्या नक्की सापडतो. दुसरे दिवशी दुसरी कोठी धरिली आणि तेही तैसेच गेले. हैबती घाम पुसत म्हणाला, "सुभान्या, जाऊ दे स्वाराला. तुझा आस मिळाला तर मिळाला." सुभानजी म्हणाला, "माझे हाताने ठेविला आहे, हैबती. कोठे ठेविला इतकेच आठवत नाही." हे बोलताना त्यास प्रथमच भय वाटले, परंतु मागे फिरणे जाहले नाही.

इकडे बालेकिल्ल्याच्या बायका खालच्या टाक्यावरोन डोईवर पाणी आणू लागल्या. दोनशे पायऱ्या, खड्या उभ्या, कठडा नाही. साळूबाईचे वय पन्नासाचे वर, तरी तीही जाई. तिसरे दिवशी दुपारी कोठीतल्या माणसांचे नरडे धुळीने कोरडे पडले आणि घागर सरली. साळूबाई म्हणाली, "मी एक खेप टाकून येते." सुभानजी तिसऱ्या कोठीत दांड्यांखाली अर्धा शिरला होता, त्याने मान वर न करिता, "लवकर ये," इतकेच म्हटले. येताना भरली घागर डोईवर असता तिचा पाय सरकला आणि ती अकरा पायऱ्या खाली आली. खुब्याचे हाड मोडले. तिला झोळीत घालून आणिली तेव्हा सुभानजी बाहेर आला, अंगावर जळमटे, हाती एक गंजके कुलूप. तिने डोळे उघडून पुसिले, "सापडला का?" त्याने झोळीचे टोक आपल्या हाती घेतले.

ते क्षणी किल्लेदारांनी स्वार पिटाळिला. तेथोन सहावे दिवशी नवा आस आला आणि रहाट फिरला. मग वैद्याने सांगितले की बाईचा जीव वाचला, चालणे पहिल्यासारखे होणार नाही. सुभानजीने दुसरे दिवशी कोठी मोकळी करावयास आरंभिली. पहिल्या कोठीच्या दारापासोन दोन हातांवर, नाड्यांच्या वेटोळ्यांखाली, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला आस निघाला. गंज नाही, वाक नाही. ती वेटोळी त्यानेच गेल्या साली तेथे टाकिली होती, आणि मोहिमेच्या पहिल्या दिवशी वाट करावयास लोकांनी आणीक वेटोळी त्यावरच रचिली होती. हैबतीने मापास लाविला तो केसाचाही फरक नव्हता.

सुभानजी आस खांद्यावर घेऊन सदरेवर गेला आणि शिक्षा मागितली. राणोजीराव बोलिले, "नाईक, तुम्ही आस आहे म्हणालात, तो होता. खोटे बोलला नाहीत. मी शिक्षा कशाची करू?" हे ऐकोन सुभानजी फार कष्टी जाहला. चाबूक बसता तर बरे, ऐसे त्याचे मनात आले.

मग ज्येष्ठ संपेतो कोठ्या रित्या करणे चालले. कामाचे तेवढे एका कोठीत मांडिले, बाकी लोखंड भट्टीस आणि लाकूड मुदपाकखान्याच्या चुलीस गेले. आषाढात साळूबाई काठी टेकीत तेथवर आली आणि उंबऱ्यावर बसोन पाहू लागली. "फरशी आहे की खाली," ती म्हणाली, "मला वाटे मातीच असेल." सुभानजी तिजजवळ बसला आणि म्हणाला, "तुझे ऐकिले असते, एक पौर्णिमा जरी बसलो असतो, तर..." साळूबाईने त्याचे बोलणे तोडिले. "इतके सगळे टाकिलेत. आता ते 'असते तर' कशास ठेविता? तेही टाका." त्याने होय म्हणोन मान हालविली.

पुढे तो नऊ वर्षे जगला. सांज होता साळूबाईचा हात धरोन तिला देवळाच्या दोन पायऱ्या चढवी, आणि दर वेळेस आधी आपण पायरीवर पाय रोवून पाही, ऐसे पाहणारे सांगतात.

एकूण तात्पर्य, सुभानजी नाइकाने तीस वर्षांचे जतन दोन महिन्यांत टाकिले, आणि साळूबाईने टाकावयास सांगितले ते मात्र त्याचेने अखेरपर्यंत टाकवले नाही. लिहिणाऱ्यास कळले तितके येथे उतरले. वाचणाराने गोड मानून घ्यावे.