खेडेकर बाईंची शिट्टी

खेडेकर बाई वर बघून चालतात. टिटवाळ्यात असं कोणी चालत नाही. इथे रस्ता आज कुठे खोदलेला असेल याचा नेम नाही, त्यामुळे स्टेशनवर उतरलेला माणूस मान खाली घालतो ती घरच्या पायपुसण्यावर पोचल्यावरच वर करतो. बाई मात्र रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारताना एकेका मजल्याचे कठडे न्याहाळत असतात. कठड्यावर काही दिसलं रे दिसलं, की गळ्यातली शिट्टी तोंडात जाते.

फुर्रर्र! "पाचवा मजला! कुंडी! आत घ्या!"

पाचवा मजला म्हणजे मी. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी गुपचूप चहा पीत बसले. म्हटलं, म्हातारी ओरडून ओरडून जाईल. कसली जातेय! दुसरी शिट्टी, तिसरी शिट्टी, आणि मग माझं नाव. नुसतं नाव नाही, आडनावासकट. समोरच्या बिल्डिंगमधले लोकसुद्धा कुंडी बघायला बाल्कनीत आले. घेतली मग कुंडी आत. तेव्हापासून माझा मोगरा बेडरूमच्या कोपऱ्यात उन्हासाठी तडफडतोय.

बाई ठाण्याला नौपाड्यातल्या एका मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर नवरा-बायकोने गणपतीच्या पायाशी राहायचं म्हणून टिटवाळ्यात पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. पुढे काका गेले. मुलगा निखिल बंगळुरूला. शाळा सुटली तरी बाईंनी शिट्टी काही सोडली नाही. वाळत घातलेली चादर असो, खिडकीतला कूलर असो, ग्रिलला अडकवलेली सायकल असो, सगळ्यांना एकच हुकूम, आत घ्या! एकदा गच्चीत पापड घातलेले तर त्यांच्यावर विटा ठेवायला लावल्या. पापडांवर! मी म्हटलं, "बाई, पापड उडून कोणाला लागणारेत?" तर म्हणाल्या, "पापड नाही गं, पण खालचं ताट उडेल ना! तुम्हा लोकांना वारा म्हणजे पंख्याचा माहीत."

हे खरं होतं म्हणा. बाईंचं माहेर दापोलीकडचं, समुद्राला लागून. त्यांच्या लहानपणी वारा सुटला की आई सगळ्या वाडीला हाका मारून आपल्या माजघरात आणून बसवायची. हे मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलंय, की ती वाडी मला पाठ झालीये. पण टिटवाळ्यात समुद्र कुठून येणार? बाईंचा हट्ट मात्र असा, की उद्या वादळ आलं तर सगळी बिल्डिंग त्यांच्या पॅसेजमध्ये बसवायची. बेडरूम आणि बाथरूमच्या मधला तो अरुंद पॅसेज. खिडकी नाही, काच नाही. घरी आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी तो पॅसेज दाखवायच्या. "कसा आहे?" विचारायच्या. पॅसेजला काय म्हणायचं माणसाने? मी म्हणायचे, "छान आहे. ऐसपैस."

हे सगळं लोकांनी चालवून घेतलं असतं. घोळ झाला तो पाडव्याला.

आमचे सेक्रेटरी शेलार राहतात सगळ्यात वर, नवव्या मजल्यावर. माणूस मदतीला पुढे, पण मान दिला नाही तर फार लवकर पेटतो. त्यांनी खिडकीबाहेर चांगली उंच गुढी उभारली होती. तांब्याचा कलश, भरजरी खण, साखरेची गाठी, सगळं साग्रसंगीत. बाईंनी खालून ते पाहिलं. कलश हलत होता म्हणे. त्या लिफ्टने वर गेल्या. शेलारवहिनींनी आनंदाने आत घेतलं, "बसा हां बाई, श्रीखंड आणते" म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. वाटी घेऊन बाहेर येतात तर गुढी दिवाणावर आडवी, कलश उशीवर, आणि बाई हात झटकत उभ्या.

"कच्च्या दोऱ्याने बांधली होतीत. खाली माणसं चालतात. आत घेतली."

सकाळी दहाच्या सुमाराला! गुढी उतरवायची असते सूर्यास्ताला, हळदकुंकू वाहून, गूळखोबऱ्याचा नैवेद्य दाखवून. वहिनींनी तिथेच डोळ्यांना पदर लावला. "आमच्या वर्षाची सुरुवातच आडवी पाडली हो!" शेलार इतके भडकले, की संध्याकाळी बाईंना सोसायटीच्या ग्रुपमधून काढून टाकलं आणि निखिलला फोन लावला. "आईला घेऊन जा बाबा. डोकं ठिकाणावर नाही त्यांचं. उद्या काय करतील नेम नाही."

निखिल बिचारा घाबरला. त्याने ठरवून टाकलं. आईने बंगळुरूला यायचं आणि इथला फ्लॅट भाड्याने द्यायचा. मेअखेरच्या एका रविवारचं तिकीटसुद्धा काढलं. बाई नाही म्हणाल्या नाहीत. पण मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "त्याचं घर सतराव्या मजल्यावर आहे गं. काचाच काचा. तो आणि सून दिवसभर ऑफिसात. तिथे मी कोणाला शिट्टी मारू?" मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आणि त्याच आठवड्यात, रविवार चार दिवसांवर आलेला असताना, वादळाची बातमी आली. किनाऱ्यावर आपटून ठाणे जिल्ह्यातून पुढे सरकणार म्हणे. शेलारांनी ग्रुपवर टाकलं, "घाबरू नये. आपण कसारा लाइनवाले. इथपर्यंत येईस्तोवर त्याची झुळूक होते." खाली सतरा जणांचे हसरे चेहरे. त्यात एक माझाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या बंद, म्हणून मी आणि माझा नवरा सुधीर दोघंही घरी. निम्मी बिल्डिंग सुट्टीत गावाला गेलेली. आकाश पिवळट दिसत होतं. बाई ग्रुपवर नव्हत्या, तेव्हा जिन्याने मजला मजला चढत आल्या. "पाणी भरलंस? मोबाइल चार्ज केलास? गॅसचा रेग्युलेटर बंद कर. खिडकीपासून लांब बसा. आणि वारा वाढला की सरळ माझ्याकडे या. लिफ्टने नाही, जिन्याने." मी "हो हो, येतो ना" म्हणत दार लावलं. जायचं मनात मुळीच नव्हतं.

दुपारच्या आतच मन बदललं. आमच्या बिल्डिंगच्या मागे नुसती मोकळी शेतं आहेत. फ्लॅट घेताना बिल्डरने "व्ह्यू बघा मॅडम, व्ह्यू!" म्हणून त्याचे जास्तीचे पैसे लावलेले. त्या व्ह्यूमधून वारा जो आला, तो थेट आमच्या हॉलच्या स्लायडिंगवर. काच आत फुगायची, बाहेर जायची. वीज गेली. सुधीर गादी घेऊन खिडकीला टेकून उभा राहिला. "तू जा, मी धरतो." म्हटलं, "अरे, काय धरतोस? गादीने वारा अडतो का? चल!"

तेवढ्यात जिन्यात शिट्टी. फुर्रर्र!

बाई टॉर्च घेऊन वर निघालेल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, अंधारा जिना, वाऱ्याने दारं आपटतायत. आम्ही दोघं त्यांच्या मागे धावलो. "बाई, कुठे निघालात?"

"नवव्यावर. ते दोघं वरच आहेत."

"अहो, ते शेलार..."

"मग? शेलारांना वारा लागत नाही?"

नवव्या मजल्यावर बाईंनी शेलारांच्या दारासमोर उभं राहून अशी काही शिट्टी फुंकली, की माझ्या कानात दडे बसले. एक नाही, दोन नाही, थांबायचं नावच नाही. शेवटी दार उघडलं. शेलार हातात मोबाइल घेऊन, रागाने लालबुंद. खिडकीत उभे राहून वादळाचा व्हिडिओ काढत होते, ग्रुपवर टाकायला. "बाई, हद्द झाली हां आता! तुम्हाला हा अधिकार दिला कोणी? मी आत्ताच्या आत्ता निखिलला..."

मागे धाडकन आवाज झाला. हॉलची अख्खी स्लायडिंग चौकटीतून निघून आत आली आणि त्यांच्या दिवाणावर फुटली. काचा जमिनीवर पार दारापर्यंत आल्या. शेलार क्षणापूर्वी तिथेच, दिवाणापाशी उभे होते. आतून वहिनी "अहो! अहो!" करत पॅसेजमधून धावत आल्या.

बाई एवढंच म्हणाल्या, "चपला घाला. काचा आहेत. चला खाली."

तर अशी आमची वरात बाईंच्या पॅसेजमध्ये आली. मी, सुधीर, शेलार, वहिनी. बाकी जे घरात होते त्यांनी शिट्टीला दार उघडलं नाही. बाईंनी दोन्हीकडची दारं लावली, गाद्या उभ्या केल्या, आणि चक्क हजेरी घेतली. शेलारसुद्धा "हजर" म्हणाले, मुकाट्याने. मग बाईंनी एक मोठं पातेलं पुढे ओढलं. दडपे पोहे! ओलं खोबरं, कांदा, कोथिंबीर, वर लिंबू. "गॅस पेटवायचा नाही ना, म्हणून. सकाळीच करून ठेवले." पातेलं एवढं होतं, की अख्खी बिल्डिंग जेवली असती. एकट्या बाईने सकाळी उठून कोणाच्या भरवशावर एवढं खोबरं खवलं असेल, हा विचार आला आणि मी ताटली खाली ठेवली. आम्ही तर येणारच नव्हतो.

बाहेर वारा किंचाळत होता. बाईंनी वहिनींचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि थोपटत राहिल्या. पाडव्यानंतर त्या दोघी एकमेकींशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. पण वहिनींनी हात काढून घेतला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू आवाज कमी होत गेला आणि मग नुसता पाऊस राहिला. आम्ही उठायला लागलो. सुधीरने पाय मोकळे केले, शेलारांनी चपला शोधल्या.

"थांबा!" बाई म्हणाल्या. "बसा. हे गेलेलं नाही. आता उलटा वारा येतो. आमच्या गावी नेहमी यायचा. तासभर तरी हलायचं नाही."

आम्ही पुन्हा बसलो. मी मोबाइल बघितला. कसंबसं नेटवर्क आलेलं. वादळ कधीच पुढे सरकून विरलं होतं, धोक्याचा इशारा उठवला होता. मी बाईंकडे बघितलं. त्यांच्याही हातात मोबाइल होता आणि पडद्यावर तीच बातमी होती. माझी नजर चुकवून त्यांनी तो पालथा ठेवला. बेडरूमच्या दाराच्या फटीतून पट्टे आवळलेल्या दोन बॅगा दिसत होत्या. मला भडभडून आलं. मीही माझा मोबाइल पालथा ठेवला, सुधीरलाही कोपराने गप्प केलं.

तेवढ्यात निखिलचा फोन आला. बाईंचे हात पोह्यांत, म्हणून मी स्पीकर लावला.

"आई! कशी आहेस? किती वेळ लावतोय फोन! एकटीच आहेस ना? म्हणूनच म्हणत होतो मी. रविवारपर्यंत थांबायलाच नको, उद्या गाड्या सुरू झाल्या की मीच येतो न्यायला."

बाईंच्या आधी शेलारच बोलले.

"एकट्या कुठे आहेत? निखिल, मी शेलार. सेक्रेटरी. आम्ही सगळे त्यांच्याकडेच बसलोय. बाबा, तुला तो फोन मीच केलेला ना? रागात केलेला. चुकलं माझं. त्यांचं डोकं ठिकाणावर आहे, आमचंच नव्हतं."

"पण काका, तिला काही झालं तर? इथे बसून मी काय करणार?"

मोबाइल वहिनींनी ओढून घेतला. "त्यांना काही झालं तर आम्ही आहोत खाली-वर. आम्हाला काही झालं तर कोण आहे, सांग? तू तिकडे घेऊन जाशील त्यांना!"

निखिल हळू आवाजात म्हणाला, "आई, तू सांग. तुला काय हवंय?"

सबंध बिल्डिंगला हुकूम सोडणाऱ्या बाई पोहे नुसतेच कालवत राहिल्या. "मला इथेच राहायचंय रे," शेवटी म्हणाल्या. आवाज इतका लहान, की मी मोबाइल त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"बरं," निखिल म्हणाला. "मग रद्द करतो तिकीट. गणपतीत मीच येतो तिकडे."

फोन बंद झाला. बाईंनी हात धुतले, पदराला पुसले, बराच वेळ पुसत राहिल्या. मग खाली मान घालून म्हणाल्या, "उलटा वारा वगैरे काही येणार नाहीये. वादळ मघाशीच गेलं. खोटं बोलले मी. जा तुम्ही आता आपापल्या घरी."

"माहितीये बाई," शेलार म्हणाले. "मोबाइल आमच्याकडे पण आहेत." आणि मांडी सावरून त्यांनी ताटली पुढे केली. "वाढा थोडे पोहे."

कोणीच उठलं नाही.