फरशीवर शिकलेला नाच

आमच्या कारखान्यात सोपानराव फरशी पुसायचे ती उलटं नाचत. लांब दांड्याचं पोतेरं दोन्ही हातांत, पाठ दरवाजाकडे, एक पाऊल मागे, एक बाजूला, मग दोन घाईची छोटी पावलं पुन्हा मागे आणि शेवटी अर्धी गिरकी. तोंडाने पिपाणी चालूच. पुसलेल्या जागेवर पाय पडू नये म्हणून फरशी पुसणारा माणूस मागे मागेच जातो, त्यामुळे आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीत औषधाचा कारखाना नवा नवा होता आणि भोवती ज्वारीची रानं होती. मी बार्शीकडून येऊन टाइम ऑफिसात कारकून म्हणून चिकटलो होतो. सोपानराव नदीपलीकडच्या काळेवाडीचे, घरचे शेतकरी. लढाईच्या काळात त्यांनी खडकीच्या एका लष्करी क्लबात नाचाची लाकडी जमीन घासली होती. औषधाच्या कामात धुळीचा कण खपत नाही, म्हणून कारखान्याने त्यांना बोलावून घेतलं आणि फरशीवाल्यांचा मुकादम केलं. मुकादम झाले तरी पोतेरं त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिलं नाही.

माणसाच्या तोंडाकडे ते सहसा बघत नसत. बघायचे ते फरशीवर उमटलेल्या पावलांकडे. सकाळी माझ्या टेबलाशी येऊन हळूच सांगायचे, "आज साहेबाम्होरं जाऊ नगा. डावी टाच लई दाबलीया." आणि खरोखरच दहा वाजता साहेबांचा आवाज सगळ्या मजल्यावर घुमायचा. स्टोअरकीपरचं लग्न ठरल्याचं त्याच्या आईच्या आधी सोपानरावांना कळलं होतं. कसं, म्हणून विचारलं की एकच उत्तर, "जिमिनीला समदं ठावं असतंय." पुढे फावल्या वेळात पावलं वाचायला थोडंफार मलाही त्यांनी शिकवलं.

पायात वहाण कधी घालत नसत. "बूट घातला की जिमीन मुकी व्हती, भाऊ."

क्लबाचा विषय निघाला की मात्र त्यांची मान वर यायची. जाझ वाजवणारे गोव्याकडचे वाजंत्री, पितळेचा लांबलचक कर्णा, ढोलावर तारेचे ब्रश फिरवणारा एक काळा किडकिडीत माणूस, आणि युद्धामुळे खिडक्यांवर ओढलेले काळे पडदे. नाचाआधी जमिनीवर पांढरी पूड भुरभुरायची, म्हणजे पाय सरसर सरकतात, हे काम सोपानरावांचं. मी एकदा विचारलं, "हे जाझ म्हणजे नेमकं काय हो?" त्यांनी पोतेरं भिंतीला टेकवलं. मग म्हणाले, "आसं बगा, बैल गाडीवाटंनं चाललाय. मधीच रानात शिरतो, चार घास खातो, हुंदडतो. पर गाव आलं की बराबर आपल्याच दारात हुबा."

असं सांगणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. तरीही त्यांची थट्टा करायचा मोह मला आवरत नसे. दुपारी भाकरी घेऊन गेटवर येणाऱ्या सरूबाई, म्हणजे त्यांची बायको, त्याही हात जोडायच्या. "भाऊजी, ह्यांला कंपनीत तरी सरळ चालाया सांगा. घरात बी आसंच नाचत्यात, शेळीसुदिक बिचकती."

सोपानरावांची एकच इच्छा होती. एकदा खऱ्या बँडवर, खऱ्या जोडीदारासोबत नाचायचं. पोतेरं धरून नव्हे. ती पुरी करण्याचा शहाणपणा मला सुचला, आणि त्यात चांगुलपणापेक्षा गंमत बघण्याची हौसच जास्त होती, हे आज कबूल करतो.

कारखान्याच्या वर्धापनदिनाला पुण्याच्या कॅम्पातून बँड येणार होता. आमच्या दवाखान्यातल्या नर्स फिलोमिनाबाई कॅम्पातच वाढलेल्या, नाचात तरबेज. मी त्यांना गळ घातली. त्या आनंदाने तयार झाल्या. दुपारी चारला कँटीनची टेबलं भिंतीला लावली. सोपानराव इस्त्रीचा सदरा घालून आले. लोक नावं ठेवतील म्हणून मीच त्यांना माझे बूट घालायला लावले होते. ते दोन बोटं मोठे होते, पुढे कापूस कोंबला होता.

बँड सुरू झाला. फिलोमिनाबाईंनी हात पुढे केला. सोपानरावांनी तो धरला, डोळे मिटले, आणि दोघंही एकाच वेळी मागे गेली.

हात ताणले गेले. पुन्हा जवळ आली, पुन्हा दोघंही मागे. दोरीखेच चालल्यासारखं ते दिसत होतं. तिसऱ्या खेपेला हात सुटले, माझा एक बूट पायातून निसटून कँटीनच्या कपाटाखाली गेला आणि तीनशे माणसं एकदम हसली. मीही हसलो.

फिलोमिनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सोपानराव, तुम्ही बाईमाणसाची पावलं टाकताय. तुम्ही नाच बघितला होता ना?"

"न्हाई," सोपानराव म्हणाले. "कदीच न्हाई."

क्लबात नाच चालू असताना फरशीवाल्यांना आत मज्जाव होता. ते मुदपाकखान्याच्या बोळात बसून बँड ऐकायचे आणि सकाळी जमीन घासायच्या आधी पुडीवरची पावलं वाचायचे. पुरुषांच्या सपाट बुटांनी नुसते फराटे उठत. मडमांच्या बुटांची टोकदार टाच मात्र लख्ख उमटायची. हा माणूस एवढी वर्षं तीच गिरवत आला होता.

"मग मी पुरुषाची टाकते, या," फिलोमिनाबाई म्हणाल्या.

"नगं बाई. लोकं बगत्यात."

त्यांनी दुसरा बूट काढून माझ्या हातात दिला. बूट हातात धरूनच मी त्यांना दारापाशी गाठलं. ते म्हणाले, "नाचताना मला कायम वाटायचं, पाठीवर कुनाचा तरी हात पायजे. मी म्हनायचो, गड्यामानसाला आसं का वाटावं? आज उमगलं."

दुसऱ्या दिवसापासून सोपानराव फरशी साधी पुसू लागले. गिरकी नाही, पिपाणी नाही. पायात चपला आल्या. कुणाची टाच दाबली, कुणाचं लग्न ठरलं, काही सांगेनात. महिना गेला. माझं हसणं माझ्याच कानात राहिलं होतं. लाज वाटत होती. एका रविवारी सकाळी नदी ओलांडून मी माफी मागायला काळेवाडीला गेलो.

सरूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. मला बघून त्या लगबगीने ओरडल्या, "थांबा भाऊजी! मधनं येऊ नगा. कडंनं या."

मी खाली पाहिलं. अंगण चोपून सारवलेलं होतं आणि त्यावर सगळीकडे रांगोळीची पांढरी पूड भुरभुरलेली. पुडीत पावलं होती. सोपानरावांनीच मला वाचायला शिकवलं होतं, म्हणून वाचली. मोठी अनवाणी पावलं, चवडे खोल दाबलेले, मागे मागे जाणारी. त्यांच्या समोर, बोटांना बोटं भिडवून, छोटी पावलं. छोट्या पावलांच्या दुसऱ्या बोटाशी जोडव्याची बारीक रेघ. तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून पुन्हा तुळशीपर्यंत. गोठ्यापाशी अर्धी गिरकी.

"सोपानराव?" मी विचारलं.

"बैलं धुवाया गेल्यात नदीवर." सरूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि पदर सावरला. "मला काय येतंय त्यातलं, भाऊजी? म्या आपली निस्ती म्होरं चालती. हात तेवढा पाठीवर ठिवायचा."

 मी चपला काढून हातात घेतल्या आणि कुंपणाला घासत कडेकडेने ओट्यापर्यंत गेलो.