थिएटरनं पोहे नाकारले

आमच्या इस्पितळाचं ऑपरेशन थिएटर लहान मुलाच्या ऑपरेशनआधी त्या मुलाच्या घरी जाऊन येतं. मुलानं ते बघावं, हवं ते विचारावं आणि पसंत पडलं तरच होकार द्यावा, अशी पद्धत आहे. मी इस्पितळात कारकून आहे. थिएटरला परक्या घरी एकटं पाठवणं बरं दिसत नाही, म्हणून वडीलधारा या नात्यानं मी सोबत जातो.

कोपर्ड्यांच्या राजवीरच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. आठ वर्षांचा मुलगा, पण जिना चढताना मध्येच बसून घ्यायचा. दोनदा त्याला थिएटरच्या दारापर्यंत आणलं आणि दोन्ही वेळा तो रडून रडून निळा पडला. भीती कमी करणारं औषध त्याच्या श्वासाला झेपणारं नव्हतं. भूल देणाऱ्या वाळिंबेबाईंनी स्पष्ट सांगितलं, की हा मुलगा शांतपणे, आपल्या पायांनी आत आला तरच मी भूल देईन, आणि आता फार दिवस थांबताही येणार नाही. म्हणून रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो.

थिएटर नीटनेटकं होऊन निघालं होतं. फरशी पुसलेली, मोठा दिवा विझवलेला. कोपर्ड्यांनी टीव्ही आणि दिवाण आधीच बाहेर काढून ठेवला होता, त्यामुळे अंग चोरून का होईना, ते बैठकीच्या खोलीत मावलं. राजवीरच्या आत्यांनी पोह्यांच्या बश्या आणल्या. मी खाल्ले. थिएटरनं मात्र नम्रपणे नको म्हटलं. आत्यांना ते जरा लागलंच.

आणि इथं घरच्यांची गल्लत झाली. घरात पाहुणा आला की पोराला पुढं करायचं, ही आपली सवय. बघायचं होतं राजवीरनं, पण त्यालाच इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून मध्ये उभा केला. आधी पाढे म्हणायला लावले, मग कविता. वडिलांनी थिएटरचं मूळ गाव विचारलं. आत्या म्हणाल्या, "आमचा वाघ हाय. अजिबात रडायचा न्हाई." वाघाचे ओठ निळसर व्हायला लागले होते आणि कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं. मला राग आला, पण मी पडलो पाहुण्यांच्या बाजूचा, बोलणार काय?

तेव्हा थिएटरच म्हणालं, की हरकत नसेल तर आम्ही दोघं जरा गच्चीवर बोलून येतो. बघण्याच्या कार्यक्रमात ही विनंती कुणी मोडत नाही. आईनं राजवीरला कडेवर घेऊन वर नेलं, मागोमाग थिएटर गेलं. आई आणि मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो.

गच्चीवर पापड वाळत होते. एकही पापड न मोडता थिएटर कडेला उभं राहिलं. राजवीर बराच वेळ पापडांकडंच बघत होता. मग त्यानं टेबलाची गादी दाबून पाहिली. मास्क नाकाला लावून पाहिला. दिवा लावायला सांगितला, विझवायला सांगितला, पुन्हा लावायला सांगितला. तो सांगेल ते थिएटर करत होतं. शेवटी, घरात कुणालाही विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"मी झोपलो आन् उठलोच न्हाई तर?"

माझ्या शेजारी आईनं पदर तोंडाशी धरला. आपण असतो तर असं अभद्र बोलू नये म्हणून त्याला गप्प केलं असतं. थिएटर म्हणालं, "ती भीती मलाही वाटते. म्हणून मूल उठेपर्यंत मी सारखं जागं असतं. आणि एकदा मुलाच्या घरी जाऊन आलं, की ते मूल उठेपर्यंत काही खातही नाही."

"म्हणून पोहे खाल्ले न्हाईस?"

"हो."

"भूक लागलीय?"

"खूप," थिएटरनं कबूल केलं.

मी आजवर पुष्कळ मोठी माणसं पाहिली, पण मुलाशी इतकं खरं बोलणारं दुसरं कुणी मला माहीत नाही.

खाली येऊन राजवीरनं पसंत असल्याचं सांगितलं. झोप लागेपर्यंत आई आत राहील, ही त्याची एकच अट होती. ती मी जागेवरच मान्य केली.

ऑपरेशनच्या दिवशी तो दाराशी आला आणि पूर्वी थांबायचा तिथंच थांबला. त्यानं आत डोकावून विचारलं, "अजून उपाशीच हायस?" दिवा एकदा लुकलुकला. "मग चल, उरकून टाकू," असं म्हणून तो आईचं बोट धरून आत गेला. वाळिंबेबाईंनी मास्क पुढं केला, तो त्यानं स्वतःच नाकाला लावला.

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले. आई हमसून रडली. राजवीरनं पाणीसुद्धा मागितलं नाही. कोरड्या आवाजात म्हणाला, "आधी त्याला पोहे द्या." आत्या डबा घेऊनच बाहेर बसल्या होत्या. तो मी थिएटरच्या आत नेऊन ठेवला आणि दार ओढून घेतलं.

सकाळी डबा घासून पुसून दाराबाहेर ठेवलेला होता. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, एवढी रीत थिएटरला ठाऊक आहे. आत चिमूटभर साखर होती. वाळिंबेबाईंना विचारून राजवीरनं ती खाल्ली.