अम-तुराबचं पावसाचं फाटक

चाडमध्ये प्रवासाला निघायचं तर आधी ऋतू बघावा लागतो. थंडीत उत्तरेच्या वाळवंटात जावं, उन्हाळ्यात कुठेच जाऊ नये, आणि दक्षिणेला जायचं असेल तर पहिल्या पावसाच्या आत पोचावं. एकदा तिकडची काळी माती भिजली की रुतलेला ट्रक बाजरीच्या कापणीलाच बाहेर निघतो. हे सगळं लोक पूर्वी नुसतं आभाळाकडे बघून ठरवायचे. असली बेशिस्त किती दिवस चालू द्यायची? म्हणून ऋतूनियोजन खातं निघालं, आणि खात्याने जाहीर केलं की यंदाचा पावसाळा एक जूनला सकाळी सुरू होईल. संबंधितांनी नोंद घ्यावी. संबंधितांत ढगही आले.

अबेशेच्या कल्तूमाला ही घोषणा ठाऊक होती. तिची धाकटी, हलिमे, दक्षिणेला अम-तिमानला दिलेली. पोरीचं पहिलं बाळंतपण, आणि पहिलटकरणीच्या उशाशी आई नको? त्यात हलिमेच्या सासूने बाळाचं नाव म्हणे आधीच मनात पक्कं केलं होतं. त्या बाईने स्वतःच्या शेळ्यांना काय काय नावं ठेवली आहेत हे कल्तूमाने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे तुपाचा डबा, वाळवलेल्या भेंडीचं पोतं आणि बाळंतिणीच्या रश्श्यासाठी एक तांबडा कोंबडा घेऊन ती मे संपायच्या आत टीजानीच्या ट्रकवर, शेंगदाण्यांच्या पोत्यांवर चढून बसली.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. आधी टायर गेला, मग पाटा तुटला, मग टीजानीच्या सासुरवाडीचं गाव लागलं. अम-तुराबच्या फाटकापाशी ट्रक पोचला तो एक जूनला, भर दुपारी.

पावसात ओल्या मातीत ट्रक जाऊ नयेत म्हणून रस्त्यावर एक आडवा बांबू होता आणि त्याच्या टोकाला वजनाला दगड बांधलेला. शेजारी छपराखाली फाटकावरचे साहेब, जिब्रीन, चहा उकळत बसले होते. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर सपाट माळ होता आणि त्यावरून बकऱ्या चरत चरत इकडून तिकडे जात होत्या. धूळ इतकी की टीजानीला हॉर्न वाजवून आपण आलोय हे कळवावं लागलं.

"फाटक बंद आहे," जिब्रीन म्हणाले. "पाऊस चालू आहे."

कल्तूमाने वर पाहिलं. वर फक्त ऊन होतं. "कुठे चालू आहे रे बाबा?"

"देशात."

"अहो साहेब," टीजानी हात जोडून म्हणाला, "नियम आम्हालाही माहीत आहे. पाऊस थांबला, रस्ता वाळला, की फाटक उघडतं. रस्ता तर वाळलेलाच आहे की!"

"रस्ता वाळलाय, मान्य. पण पाऊस थांबलाय का?"

"पडलाच नाही, तर थांबणार कसा?"

"तेच म्हणतोय मी," जिब्रीन समाधानाने म्हणाले. "अजून पडायचा आहे, मग पडेल, मग थांबेल, मग वाळेल. मध्येच एखादी पायरी गाळली तर पुढे मला जाब द्यावा लागतो. बसा, चहा घ्या."

चहाचे तीन पेले झाले. पहिला कडू, दुसरा बरा, तिसरा गोड, आणि फाटक तिन्ही वेळा बंद. पलीकडे दक्षिणेकडून आलेला एक ट्रक असाच तोंड इकडे करून उभा होता. त्यातले लोक बांबूच्या पलीकडे चहा पीत होते. दोन्हीकडचे मिळून खात्याला शिव्या घालत होते, आणि ओळखी होत होत्या.

कल्तूमाच्या जिवाला चैन पडेना. शेवटी तिनेच तोड काढली. "साहेब, पाऊस पडून गेल्याशिवाय उघडायचं नाही ना? मग पाडू आपण."

जिब्रीननी सगळे नियम बोटांवर मोजून पाहिले. नियमात पाऊस कोणी पाडावा याबद्दल काहीच नव्हतं. मग काय! ट्रकच्या कडेला लटकवलेल्या पखाली सोडल्या, प्यायचं पाणी रस्त्यावर ओतलं.

"हा पाऊस नाही," जिब्रीन म्हणाले. "पाऊस वरून पडतो."

तेव्हा कल्तूमा पुन्हा पोत्यांवर चढली आणि पिठाची चाळण धरून वरून उरलेलं पाणी शिंपू लागली. खाली लोकांनी डोक्यावर पोती घेतली. एका म्हाताऱ्याने तर बरसातीची दुआही म्हटली. जिब्रीननी हात पुढे करून थेंब झेलले आणि गंभीरपणे म्हणाले, "मध्यम सरी. आता वाळायला वेळ द्या. संध्याकाळी उघडतो." सगळ्यांनी कल्तूमाला आशीर्वाद दिले.

पण कल्तूमाचं नशीबच खोटं. संध्याकाळच्या आत खात्याची जीप आली. तिच्यातून मोठे साहेब उतरले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, अंगात रेनकोट, आणि कपाळावरून घामाच्या धारा. ओली जमीन दिसताच त्यांना गहिवरून आलं.

"आला! वेळेवर आला! राजधानीत लोक हसत होते आपल्याला. जिब्रीन, किती पडला?"

"मध्यम सरी, साहेब."

"पहिल्याच दिवशी? म्हणजे पुढे अतिवृष्टी! फाटक आता पावसाळा संपल्यावरच उघडा." एवढं बोलून त्यांनी तहानेने घशाला कोरड पडलेल्या लोकांना पुरापासून सावध राहायला सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण साहेबांनी प्रवाशांसाठी छप्पर मंजूर केलं होतं.

छप्पर उभं राहिलं. मग त्याच्याखाली न्हावी आला. अंबाडीचं लाल सरबत विकणारी आली. जिच्यावर सगळे चिडले होते ती अडचण हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडली. टीजानी तर म्हणू लागला, "मावशी, जागा वाईट नाही हो. वारा येतो."

"तुझा वारा घाल चुलीत!" कल्तूमा कडाडली. पलीकडच्या ट्रकमधल्या अम-तिमानच्या एका बाईने तिला नुकतंच सांगितलं होतं, "हलिमे ना? दिवस भरलेत हो तिचे. सारखी दाराकडे बघते बिचारी. सासू म्हणते, तुझी आई काही येत नाही आता." ते ऐकून कल्तूमा पदर तोंडाशी धरून ढसाढसा रडली होती.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी कोंबड्याने दोरी तोडली. तो सुटला तो बकऱ्यांच्या मागे, माळावरून वळसा घालून. "धरा, धरा!" कल्तूमा त्याच्या मागे धावली. सगळं फाटक ओरडून तिला दिशा दाखवत होतं. धापा टाकत तिने कोंबडा धरला, मान वर केली, आणि पाहते तर काय, बांबू तिच्या मागे होता.

सगळे आधी तिच्याकडे आणि मग जिब्रीनकडे बघू लागले.

"मावशी," जिब्रीन दबल्या आवाजात म्हणाले, "परत या. फाटक बंद आहे."

"बंद आहे ना?" कल्तूमा म्हणाली. "मग परत येऊ कशी?"

जिब्रीननी बांबूचा दगड आणखी घट्ट आवळला. कल्तूमा सरळ पलीकडच्या ट्रककडे गेली. "ए बाबा, पुढे जाता येत नाही, तर मागे तरी जाता येतं ना? फिरव गाडी." ड्रायव्हरने तोंडाचा आ केला, आणि मग गाडी फिरवली. अम-तिमानच्या बाईने माळावरूनच तिचं तूप आणि भेंडी आणून दिली, आणि स्वतः धावत परत बांबूपाशी, फाटक उघडायची वाट बघत जाऊन बसली.

कल्तूमा वेळेवर पोचली. नात झाली, नाव तिनेच ठेवलं. रस्सा दुसऱ्या कोंबड्याचा केला. तांबड्याला हात लावायचा नाही, असं तिने सासूला बजावलं.

इकडे अम-तुराबला लोक फार संतापले. खात्यावर नाही, कल्तूमावर. "आम्ही काय वेडे आहोत इथे बसायला?" टीजानी विचारत होता. "नियम म्हणून काही असतो की नाही? सगळेच असे बाजूने जायला लागले तर फाटकाला अर्थ काय राहिला?" सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्यांच्या मागून बकऱ्या पलीकडे गेल्या.

तुम्ही हसू नका. ट्रक येऊन थांबला तेव्हाच त्या बकऱ्या मी तुम्हालाही दाखवल्या होत्या. पण तुम्हीसुद्धा आतापर्यंत हीच वाट बघत होतात ना, की फाटक उघडणार कधी?