खोटा ठोका

अण्णा पेडणेकरांच्या दाराला बेल नव्हती. वाशीच्या आमच्या बिल्डिंगीत सगळ्यांनी हौसेनं टिंगटाँग बसवून घेतली, तेव्हा हे म्हणाले, "बेल सगळ्यांची सारखीच वाजते. माणूस कळत नाही." त्यामुळे दार ठोकावं लागे, आणि ठोकलं की आतून निकाल येई. दूधवाला आला की, "दोन ठोके, तिसरा आळसानं गिळला." सेक्रेटरी आला की नुसतंच, "वर्गणी." आणि मी गेलो की, "या साळवी. काम नाहीये तुमचं, उगाच आलाय." खरंच उगाच गेलेलो असायचो हो!

अण्णांनी अख्खी नोकरी एका कारखान्यात इंजिनं ऐकण्यात काढली. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर, टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आत पेट्रोल अवेळी भडकलं की इंजिन ठोका देतं. तो ठोका खरा, की कुठला सैल पत्रा वाजतोय, हे सांगायचा त्यांना पगार होता. रिटायर झाले तरी सवय गेली नाही. आमचा फ्रिज ऐकला, कलिंगड ऐकलं. एकदा माझ्या छातीलाच स्क्रू ड्रायव्हर लावला आणि म्हणाले, "ठीक आहे. चहा कमी करा."

बायको आधीच गेलेली. घरात एकुलती एक मुलगी, सुमन. तिनं बापाला न विचारता लग्न केलं आणि नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. अण्णा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "पुन्हा या दारावर ठोका मारायचा नाही." समोरच्या दारात मी होतो, म्हणून नक्की सांगतो. सुमन राहायची तुर्भ्याला, बसनं पंधरा मिनिटं. दोन वर्षं झाली, आली नाही. बापाचंच डोकं तिचं! अण्णांपुढे विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

एके दिवशी सारसोळ्याचे मोरेश्वरशेठ गाडी घेऊन आले. घराणं खाडीत जाळी टाकणारं, आता ट्रकांचा धंदा. मेव्हण्यानं आखातातून पाठवलेली गाडी, मागे 'टर्बो' लिहिलेली. शेठनी मुंबईत एकाकडून तिचा दम आणखी वाढवून घेतला होता. त्या पठ्ठ्यानं स्टिअरिंगसमोर एक लाल दिवाही बसवून दिला. या गाडीच्या इंजिनाला नॉक सेन्सर नावाचा एक कान चिकटवलेला होता. त्याला ठोका ऐकू आला की दिवा लागे, आणि गाडी घाबरून आपणच दम कमी करी.

"अण्णा, खाडीच्या पुलाव चढत नाय," शेठ म्हणाले. "समदे बोलतान, इंजिन खोलाला लागंल. पन मना पटत नाय."

"जागेवरच रेस द्या," अण्णा म्हणाले. शेठनी दिली. दिवा लागला.

"गाडी उभी, ओझं नाही, चढ नाही, आणि ठोका? खोटा आहे."

मग स्क्रू ड्रायव्हर निघाला. बराच वेळ ऐकून अण्णांनी हवेच्या पाइपाची एक पट्टी दाखवली. नट सैल होऊन ती सेन्सरच्या शेजारीच थडथडत होती. अण्णांनी ती दाबून धरली, दिवा विझला. "दीड आटा," असं म्हणत त्यांनी नट आवळला. "सेन्सर बिचारा ऐकतोय बरोबर, समजतोय भलतंच."

शेठ पुलावरून मानखुर्दला जाऊन आले ते हसतच. संध्याकाळी अख्ख्या जिन्यात पापलेटाचा वास.

हे बघून मलाही चेव आला. कारण अण्णांच्या स्वतःच्या दाराची बाहेरची कडी सैल होती. चारनंतर खाडीचं वारं जिन्यात शिरलं की ती ठक् ठक् वाजे. दर वेळी अण्णा उठत, दार उघडत, जिन्यात खालपर्यंत बघत, "खोटा" म्हणत आणि दार लावून घेत. संध्याकाळभर हेच! आमची ही म्हणे, "दुनियेचे ठोके ओळखतात आणि घरचा नाही?" एका रविवारी अण्णा नव्या मार्केटात कांदे आणायला गेले, आणि मी गुपचूप कडीचा स्क्रू दोन आटे आवळून टाकला.

तीन दिवस जिना गप्प. चौथ्या दिवशी माझं दार वाजलं. अण्णा होते. दाढी वाढलेली.

"कडी कुणी आवळली?"

"मी," मी फुशारकीनं म्हणालो. "दोन आटे. खोटा ठोका होता ना!"

"खोटाच होता. मीच सैल केली होती ती."

"तुम्ही? कशाला?"

"साळवी, पोरगी दार ठोकणार नाही," अण्णा म्हणाले. "मीच तसं सांगून बसलोय. आली तर गुपचूप उभी राहील आणि निघून जाईल. मला उठून बघायला काहीतरी नको का?"

आपण काय करून बसलो, असं झालं. मी स्क्रू ड्रायव्हर आणला आणि स्क्रू दोन आटे सैल केला. "झालं, अण्णा?"

त्यांनी कडी हलवून बघितली, कान दिला.

"अजून अर्धा आटा," ते म्हणाले. "वारं कमी असलं तरी वाजली पाहिजे."