आजींना नंतर घेऊ

आमच्या कुटुंबाचा एकही संपूर्ण फोटो अस्तित्वात नाही, ही बाब हिवाळ्याच्या तोंडावर आईने आमच्या निदर्शनास आणून दिली.

"प्रत्येक फोटोत कुणीतरी कमीच," ती म्हणाली. "जो काढतो तो नसतो, नाहीतर मी आत चहा टाकत असते. मला एक असा हवाय, ज्यात आपण सगळे आहोत. त्यात माझे डोळे मिटलेले आले तरी चालतील."

मी एका कार्यालयात उपविभागप्रमुख आहे. साध्या गोष्टीला साधं राहू देणं माझ्या स्वभावात बसत नाही आणि सेवाशर्तींतही. आईच्या मागणीला मी जेवता जेवता तत्त्वतः मान्यता दिली आणि अंमलबजावणी बायकोकडे सोपवली, कारण घरातल्या सक्षम प्राधिकारी त्याच. काकाने मोबाइल कपाटावर टेकवून तिथल्या तिथे फोटो काढू का, असं विचारलं. काका म्हणजे माझा धाकटा भाऊ. माझ्या मुलीमुळे तो सगळ्या घराचाच काका झाला आहे. ही सूचना फारच सोपी असल्यामुळे फेटाळण्यात आली.

मग फोटोग्राफर आला. लग्नांचे फोटो काढता काढता तो कौटुंबिक क्षणांचा तज्ज्ञ झाला होता आणि दर वाक्यात एकदा तरी 'नॅचरल' म्हणायचा.

"सर, घरात सगळं खोटं दिसतं. आपण तळ्याकाठी काढू. थंडीतली पहाट. फॅमिली एकदम नॅचरल वाटेल."

"पहाटे आमची फॅमिली नॅचरल झोपलेली असते," काका म्हणाला.

पहिला विषय रंगाचा निघाला. सर्वांनी एकाच रंगात यावं असं ठरलं, आणि चर्चेअंती ओल्या वाळूचा रंग मुक्रर झाला. दुकानदाराने कपडे दाखवले, ते बायकोने कोरड्या वाळूचे म्हणून परत केले. शेवटी मनासारखे सापडले तेव्हा आईने साडीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "म्हणजे मातकटच ना?"

"नाही गं आजी," मुलगी म्हणाली. "मातकट आपोआप होतं. हा रंग शोधावा लागतो."

दुसरा विषय गरम कपड्यांचा.

"स्वेटर चालणार नाही," फोटोग्राफरने बजावलं. "स्वेटर घातला की फॅमिली गाठोड्यांसारखी दिसते."

"पण थंडी असेल हो," मी म्हणालो.

"थंडी दिसली पाहिजे सर. वाजली नाही पाहिजे."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते पुढच्या सोमवारी कार्यालयात दुसऱ्याच विषयावर वापरलं. आईला बोलता बोलता ओळी जुळवायची जुनी सवय आहे. ती कोपऱ्यातून म्हणाली, "पाठीवर शाल राहू द्या, मग हवं तेवढं हसू घ्या." ओळ गोड होती. सगळ्यांनी मान डोलावली आणि कुणीही दखल घेतली नाही.

थंडी वाजू नये यासाठी शरीरास टप्प्याटप्प्याने सवय लावण्याचा निर्णय मी घेतला. रोज संध्याकाळी आम्ही पातळ कपडे घालून, खिडक्या उघडून, पंखा लावून बाहेरच्या खोलीत बसू लागलो. परिणामी मला सर्दी झाली आणि माझं नाक लाल पडलं. लाल रंग योजनेत बसत नसल्याने नाकाला पावडर सुरू झाली. आई आतल्या खोलीत कानटोपी घालून बसायची आणि मधूनच दार किलकिलं करून आमच्याकडे बघायची. न सांगता आलेले पाहुणे अजून गेले की नाही हे बघावं, तशी.

त्यानंतर हसण्याची तालीम. कॅमेऱ्याकडे न बघता, एकमेकांकडे बघून, अचानक हसायचं होतं. त्यासाठी काकाने डॉक्टर आणि विसराळू पेशंटचा एक विनोद सांगितला. पहिल्यांदा आम्ही पोट धरून हसलो, पण अंगावर ठरलेले कपडे नसल्यामुळे ते हसणं ग्राह्य धरलं गेलं नाही. पुढे पुढे विनोद सांगायची गरजच उरली नाही. काकाने नुसतं "पेशंट!" म्हणायचं आणि आम्ही हुकमासरशी दात दाखवायचे.

"वहिनी, तुम्ही दादाकडे कौतुकाने बघायचंय," काका म्हणाला.

"बघते की. कशाबद्दल, तेवढं सांगा."

यावर बराच विचार झाला. कारण न सापडल्याने तिने नुसतंच बघावं असं ठरलं.

तो दिवस उजाडला. पहाट खरोखर देखणी होती. आईच्या पदराखालून लेकरू बाहेर यायला मागत नाही, तसं धुकं तळ्यावरून उठायला मागत नव्हतं. गवताच्या पात्यापात्यावर दव होतं. आम्ही ओल्या वाळूच्या रंगात काकडत गाडीतून उतरलो. मागच्या सीटवरून आई उतरली ती शाल, कानटोपी, हातमोजे आणि पायमोजे यांच्यासह. आतली साडी ठरलेल्याच रंगाची होती, पण ती फक्त तिलाच ठाऊक.

"आजी, शाल-टोपी काढायची का?" फोटोग्राफरने लाडाने विचारलं.

"काढते की. तू तुझं जाकीट काढ."

त्याने मला बाजूला घेतलं. "सर, आजींना नंतर घेऊ."

"नंतर म्हणजे?"

"कॉम्प्युटरवर. हल्ली आजी-आजोबांना सगळे नंतरच घेतात. कळतसुद्धा नाही."

मुलगी ऐकत होती. "बाबा, फोटो आजीलाच हवा होता ना?"

"मुद्दा रास्त आहे," मी म्हणालो, "पण उजेड चाललाय."

मी आईला हाताला धरून परत गाडीत बसवलं आणि हीटर लावला. "तू इथे उबेला बस. तुला नंतर घेतो."

"घेणार ना पण?"

"म्हणजे काय! तुझ्यासाठीच तर चाललंय सगळं."

तिने मान हलवली. मग म्हणाली, "टोपीतून केस बाहेर आलेत का रे? आत घालू?"

"राहू दे," मी म्हणालो आणि दार लावून घेतलं.

"चपला काढा," फोटोग्राफर म्हणाला. "अनवाणी नॅचरल वाटतं." आम्ही दवात उभे राहिलो. "तोंडातून वाफ येतेय. श्वास रोखून हसा." काका कसाबसा "पे-पे-पेशंट!" म्हणाला. माझे दात इतके वाजत होते, की तोंड मिटेचना. ते मोकळं हसू म्हणून टिपलं गेलं. त्याच क्षणी बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि फोटोग्राफर ओरडला, "मॅडम, हेच! काय भाव आहेत!" ते कशाचे होते हे आम्ही दोघांनी त्याला सांगितलं नाही.

काचेआड आईला हे सगळं दिसत होतं. चार शहाणी माणसं, अनवाणी, श्वास रोखून, थरथरत एकमेकांना दात दाखवताहेत. तिला हसू आवरेना. शाल तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती. शाल तोंडावरून घसरली, तेवढ्यात फोटोग्राफर वळला आणि त्याने काचेतूनच तिला टिपलं.

फोटो चौकटीत बसून घरी आला. आई आमच्या मधोमध उभी होती. शाल नव्हती, टोपी नव्हती, केस विंचरलेले होते. माझा हात तिच्या खांद्यावर होता; तो फोटोग्राफरने माझ्याच दुसऱ्या एका फोटोतून आणला होता. सगळ्या फोटोत खरं हसू तेवढं एकच होतं, आणि ते आम्हाला हसत होतं.

आईने चौकट मांडीवर घेतली, पदराने काच पुसली आणि बराच वेळ बघत राहिली.

"सगळे आलेत की," ती म्हणाली. मग आतल्या बाईवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "पण हिच्या अंगावर काहीतरी घाला रे कुणीतरी. एवढ्या थंडीत नुसत्या साडीवर उभी आहे बिचारी."

मी म्हणालो, "आई, ती तूच आहेस."

"हो का?" ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

फोटो मी लगेच मोबाइलवरून सगळ्यांना पाठवला. बदामांचा नुसता पाऊस पडला. त्यात तुमचाही होता, मी पाहिला. 'तुमच्या आई किती नॅचरल हसल्यात!' हे तुम्हीच लिहिलंत आणि खाली फोटोग्राफरचा नंबर मागितलात. पाठवतोय. जाताना गाडी तेवढी चांगल्या हीटरची न्या. तुमच्या आईला आत बराच वेळ बसावं लागेल.